आयव्ही मावशीचा खुंट

वांडू निलगिरीच्या पांढऱ्या बुंध्यांच्या त्या रानात नंबॅट दाखवावा तो आयव्ही मावशीनेच. खारीहून जरा थोराड जीव, पाठीवर पांढरे पट्टे, वाळवीवर जगणारा. कांगारूच्या गोतातला, पण देव त्याला पोटाची पिशवी द्यायला विसरला. पिल्लं नुसतीच आईच्या केसांना धरून लोंबतात. अठ्ठावीस वर्षांत मावशीने एकाही पाहुण्याला तो न दाखवता परत धाडलं नव्हतं.

तिच्या फेरीत एक नियम असे. खुंटाला जो नंबॅट म्हणेल, त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. मावशीवर ती पाळी कधी आली नव्हती.

थंडीतल्या त्या सकाळी गाडी तिची भाची ग्लेनिस चालवत होती.

"मावशी, आज दिसला नाही तर फेऱ्या बंद. तुझे डोळे गेलेत."

"तू जन्मायच्या आधीपासून मी…"

"ते राहू दे. काल अंड्यांवर साखर कुणी भुरभुरली?"

दहाच्या सुमाराला मावशी एकदम ओरडली, "थांबव! तो बघा!"

चौघा पाहुण्यांनी दुर्बिणी लावल्या. जळका खुंट होता. कुणी हसलं नाही. तेच मावशीला जास्त लागलं. ग्लेनिसने गॅसची शेगडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"नियम तुझाच, बाई."

मावशी खाली बसली. शेगडीसाठी पाचोळा सारताना तिचा तळवा मातीला टेकला आणि तिथेच राहिला. पहाटे ही माती गारठलेली असते. ऊन मुरलं की वाळवी वर सरकते, आणि तिच्या मागावर तो निघतो.

"ऊब आली," ती पुटपुटली. "आता कुणी बोलू नका. ग्लेनिस, पोकळ ओंडका कुठंय गं?"

"डावीकडे. वीसेक पावलांवर."

"त्याच्या तोंडाकडे बघत राहा."

चहाला आधण आलं, आणि ग्लेनिस कुजबुजली, "आला!"

"शेपूट फुलवलंय?"

"बाटली घासायच्या ब्रशासारखं."

"आणि जीभ?"

"केवढी लांब गं!" म्हणत ग्लेनिस वळली. मावशी झाडांच्या शेंड्यांकडे बघत होती, तोंडभर हसत.

ग्लेनिस तिच्याशेजारी मातीत बसली.

"उद्यापासून बघायचं मी. कुठं बघायचं ते तू सांगायचंस."

"आणि फेऱ्या?"

"तू चहा ओत आधी. उतू चाललाय."