निरोगी गटातील तिसरी कुपी

सुजाता गेल्याचे मला हडपसरच्या बसथांब्यावर कळले. हातातल्या पिशवीत सीताफळे होती. आदल्या दिवशी रुग्णालयात तीच म्हणाली होती, "दादा, येताना सीताफळं आण, पण पिकलेली आण. ती पिकायची वाट बघण्याइतका वेळ मला नाही." फोन तिची विद्यार्थिनी फरहीन हिचा होता. ती म्हणाली, "काका, निघालात का?... सावकाश या." त्या 'सावकाश'वरूनच मला समजले. रुग्णालयाकडे जाणाऱ्या बस समोरून जात राहिल्या आणि मी पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो.

विहारात झालेल्या तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आता काही आठवडे झाले. नोकरीत मी कार्यालयीन टिपण्यांपलीकडे काही लिहिले नाही, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लिहू पाहणाऱ्याने इतक्या जवळच्या माणसापासून सुरुवात करावी का, याविषयीही मी साशंक आहे. परंतु धाकट्या बहिणीने ज्या कामात अर्धे आयुष्य घातले, ते कुणाला दोन ओळींत तरी सांगावे असे वाटते. विज्ञान मला कळत नाही. पुढे जे लिहितो आहे ते तिच्या तोंडून ऐकलेले आहे. त्यात चूक असेल तर ती माझी.

आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणत. भट्टीसारख्या जळून त्या पेशीला ऊर्जा पुरवतात, इतके मलाही ठाऊक होते. सुजाता सांगे की या भट्ट्या नुसत्या जळत नाहीत, त्या निरोपही धाडतात. प्रथिनांचे अगदी चिमुकले तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, त्या तयार करतात. त्यांतली काही रक्तातून दूरवर जातात आणि संकटात सापडलेल्या पेशींना जणू सांगतात की तग धरा. वय वाढते तसे यांतले काही निरोप क्षीण होत जातात. ते बाहेरून पुरवता आले तर थकलेले हृदय सावरेल का, हा तिचा प्रश्न होता. "आणि दादा, या सगळ्या भट्ट्या आईकडून येतात. बाबांचा त्यात काही वाटा नाही," ती एकदा म्हणाली. मी विचारले, "मग बाबांनी काय दिलं?" ती म्हणाली, "नाक." आमची आई येरवड्याला सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. दिवसभर दुसऱ्यांना धीर देऊन घरी परतणाऱ्या त्या बाईचे काही आपल्या पेशींत अजून तेच काम करत असावे, हा विचार मला फार आवडला होता. तसे मी सुजाताला सांगितले नाही. तिने थट्टा केली असती.

एकदा तिने मला प्रयोगशाळेत नेले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. काचेच्या बशीत उंदराच्या हृदयाच्या पेशी होत्या, आणि त्या धडधडत होत्या. हृदय नाही, छाती नाही, नुसती धडधड... प्राणवायू तोडल्यानंतर पेप्टाइड दिलेली ती बशी होती. शेजारच्या बशीत ते दिले नव्हते. तिथे सारे निपचित होते. मी बराच वेळ पाहत राहिलो. "बास आता," सुजाता म्हणाली, "त्या काही तुला ओळखत नाहीत." त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उजळलेला होता.

पुढे दुर्बल हृदयाच्या रुग्णांच्या रक्तातील या पेप्टाइडाची निरोगी माणसांच्या रक्ताशी तुलना सुरू झाली. निरोगी माणसे कुठून आणायची? प्रयोगशाळेतलीच मोजकी मंडळी रीतसर परवानगी घेऊन दंड पुढे करत. सुजाता त्यांतली तिसरी, म्हणून तिच्या कुप्यांवर 'नि-३'; पण मोजणीत पक्षपात नको म्हणून कोणता क्रमांक कुणाचा याची यादी फक्त फरहीनकडे असे. दर काही महिन्यांनी रक्त घेतले जाई. निरोगी म्हणून एकदा नोंदवलेल्या माणसाला पुन्हा तपासावे, हे कुणाच्या मनात आले नाही, तिच्याही नाही. मग आलेखावर निरोगी गटातला एक ठिपका घसरू लागला आणि हळूहळू रुग्णांत जाऊन बसला. फरहीनला वाटले, आपलीच मोजणी चुकते आहे. तिने ती पुन्हा पुन्हा करून पाहिली. शेवटी सुजाताने आलेख हातात घेऊन विचारले, "हा नि-तीन कोण?" फरहीन म्हणाली, "मॅडम... तुम्ही." यावर सुजाता एवढेच म्हणाली, "मग काढ त्याला निरोगी गटातून." लिफ्ट बंद असली की जिन्यात तिला लागणारी धाप आम्ही सगळे वयावर टाकत होतो. त्या आठवड्यातच तिच्या हृदयाची तपासणी झाली. हृदयाचे स्नायू बरेच सैल पडले होते.

औषधे सुरू झाली, तरी ती खंगत गेली. एका दुपारी कर्वेनगरच्या तिच्या घरी, फार धीर करून, मी म्हणालो, "ते पेप्टाइड तुझ्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये आहे ना?"

"आहे."

"मग घेऊन का बघत नाहीस?"

"मी उंदीर नाहीये, म्हणून."

मग तीच समजावू लागली. ते माणसाला टोचण्याइतके शुद्ध नाही. रक्तात गेले की बघता बघता मोडते. आणि तग धरा हा निरोप चांगल्या पेशीलाच पोचेल असे नाही, तो कर्करोगाच्या पेशीलाही कळतो. "किती वर्षं लागतील गं?" मी विचारले. "तेवढी माझ्याकडे नाहीत," ती म्हणाली आणि चहा गाळायला उठू लागली. मी तिला बसवले आणि म्हणालो की निदान तुझ्या जागी माझे रक्त घ्या, आई तर एकच. ती हसली. "तुला साखर आहे, दादा. तूही बाद." त्या घरातले आमचे ते शेवटचे हसणे...

गेल्या आठवड्यात फरहीनने मला बोलावले. प्रकल्पाची मुदत संपली आहे, पुढचे अनुदान आलेले नाही. नमुने नियमानुसार नष्ट करायचे आहेत. "त्याआधी तुम्हाला बघायचं असेल, असं वाटलं," ती म्हणाली. जाड हातमोजे घालून तिने फ्रीजर उघडला. पांढरी वाफ पायांवर उतरली. एका खोक्यातून तिने बोटाएवढी कुपी उचलली. कुपीवर तिच्याच बारीक अक्षरात 'नि-३' लिहिलेले होते. "ही सगळ्यात पहिली, काका. तेव्हा मॅडम जिना चढताना माझ्या पुढे असायच्या." म्हणजे इथे ती अजून निरोगी होती. येरवड्याच्या आईने दिलेले सारे जागच्या जागी होते. एकही निरोप अजून हरवलेला नव्हता.

नकळत माझा हात पुढे झाला. फरहीनने कुपी मागे घेतली, अगदी हळुवारपणे. "हातात नका घेऊ, काका. तुमच्या हाताच्या उबेनंसुद्धा ती वितळेल."

मी हात मागे बांधले. तिने कुपी जागेवर ठेवली आणि दार लावून घेतले.