किंचित मोठा आवाज

जळगावात माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट ठेवून जात, चार दिवसांनी घेऊन जात. माझ्यासारखा स्वच्छ आवाज कोणी भरत नाही, असं ते म्हणत. मलाही ते खरं वाटायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला धरणगावच्या माझ्या मित्राला त्याच्या मेहुण्यानं आखातातून सीडी प्लेअर आणून दिला. मित्र कापूस पिकवणारा, पण कान तयार. त्यानं हौसेनं मला बोलावून बासरीची सीडी लावली. बासरी सुरू होण्याआधी काहीच ऐकू आलं नाही. कॅसेटची ती बारीक खरखर नव्हतीच. इतकं स्वच्छ मला कधीच भरता येणार नव्हतं.

"कसं वाटलं?"

"बरंय. कॅसेटपेक्षा फार काही नाही."

त्याचा चेहरा उतरला, आणि मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

थंडीत त्याच्या अंगणात भरिताचा बेत होता. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात असताना कोणीतरी म्हणालं, "सीडी का कॅसेट, एकदा होऊनच जाऊ द्या." मी तीच बासरी दुकानातल्या रेकॉर्डवरून कॅसेटवर भरून आणली होती. कोणतं यंत्र वाजतंय ते दिसू नये म्हणून दोरीवर चादर टाकली. यंत्रांपाशी मी बसावं, असं मित्रच म्हणाला. "तो लबाडी करणार नाही."

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आवाज किंचित मोठा भरला की गिऱ्हाईक म्हणतं, काय क्लिअर आलंय! आधी सीडी लावली. मग कॅसेट लावताना मी आवाजाचं बटण केसभर पुढे सरकवलं.

"माले तर दुसरंच ग्वाड लागनं," मित्राचे आबा म्हणाले. सगळ्यांनी दुसऱ्यालाच हात वर केले. मित्रानंही.

मी चादर बाजूला केली. दुसऱ्यांदा वाजली ती कॅसेट होती हे कळल्यावर अंगण हसायला लागलं.

"भाऊ, निस्ता खोका आणला रे इमानातून!"

"ह्या मशीनमा नवं काय शे? बठ्ठं सारखंच!"

मित्र हसला नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, मला ऐकू येतं."

महिनाभरानं तो दुकानात आला. प्लेअर त्यानं बहीण-मेहुण्याकडे परत पाठवला होता. खिशातून यादी काढून माझ्यापुढे ठेवली.

"आता तूच भरून दे. माझ्या कानात काही दम नाही. पण एक खरं सांग, तुला तरी फरक कळला होता का?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. सांगायला कसलीच अडचण नव्हती.

"नाही," मी म्हणालो, आणि कॅसेटी कधी हव्यात ते विचारलं.