पूर्ण्यापर्यंत ऐकू जाणारी प्रार्थना

भिवंडीत ज्याचं घर यंत्रमागाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून, त्याला कुजबुज म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. वाल्मीक साळवेची खोली तर अठ्ठेचाळीस लूमना पाठ टेकून उभी. तिथं नवरा-बायकोचं भांडणही हातवाऱ्यांनी चालायचं. समोरच्या ठकुबाईला ते उलट सोयीचं पडे, कारण दारात बसून बघितलं की सगळा मजकूर कळायचा.

वाल्मीक त्याच कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेलं लूम ताळ्यावर आणणारा माणूस. बावीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कान शाबूत राहणार कसे? ते गेलेत हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, वाल्मीक सोडून. त्याचं म्हणणं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला तो हसून मान डोलवायचा. त्या सवयीपायी त्यानं दोन लग्नांची आमंत्रणं आणि मांजराचं एक पिल्लू कबूल करून ठेवलं होतं. बायको रीमा नर्स. तिनं कानाच्या डॉक्टरांकडे दोनदा नंबर लावला, आणि दोन्ही वेळा ह्याचं नेमकं तातडीचं काम निघालं.

रीमाची दुपारची शिफ्ट असली की पाच वर्षांच्या क्षितिजाकडून जेवणाआधीची प्रार्थना करून घ्यायचं काम वाल्मीककडे. त्याला त्याची भारी हौस. आईनं त्याला चुलीपुढे बसवून शिकवलं होतं, तसंच तो लेकीला शिकवी. पाठांतर नको, मनातलं बोलायचं. दिवसभरात जे बरं घडलं त्याबद्दल प्रभूचे आभार मानायचे, एखाद्या दुखणाईतासाठी मागायचं, आणि आमेन दोघांनी मिळून म्हणायचं. पद्धत झकास. अडचण एवढीच, की मास्तरला ऐकू येत नव्हतं. पोर बोलली की हा म्हणे, "मोठ्यानं." ती आवाज चढवी. "अजून मोठ्यानं." असं करता करता पोरीचा गळा असा तयार झाला की लूमच्या वरताण.

ठकुबाई मूळ भिवंडीचीच, चाळही तिचीच. ती एकदा म्हणाली, "वाल्मीक, तुजा देव पार पल्याडच्या गावाला, पूर्ण्याला ऱ्हातो काय रं? हितनं वरडाया लागतंय ते?"

वाल्मीकनं हसून मान डोलावली.

मग तो रविवार आला. चर्चमध्ये शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, बायजाबाईंनी मुलांना पुढं बोलावलं आणि एकेकाला आभाराचं एक वाक्य म्हणायला सांगितलं. पहिली दोन मुलं पुटपुटली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पंख्यांची तेवढी घरघर. आणि क्षितिजानं, शेजारी लूम चालू असल्यासारखं, कालच्या बोंबलांबद्दल प्रभूचे आभार असे काही ठणकावून मानले की मागच्या बाकावर डुलकी घेणारे दामूकाका ताडकन उभे राहिले, आणि गीत सुरू झालं असं समजून गाऊ लागले.

बायजाबाई प्रेमानंच म्हणाल्या, "हळू बोल, बाळा. देव काही बहिरा नाही."

"मग पप्पा का सांगतात, मोठ्यानं बोल?"

सगळी मंडळी हसली. रीमा हसली नाही, तिनं वाल्मीककडे बघितलं. त्याला शब्द कळले नव्हते, पण लोक आपल्याकडे बघून हसताहेत एवढं कळलं. घरी जाताना रीमानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, तेव्हा मात्र त्याला मान डोलवता आली नाही.

खरा घोर पुढेच होता. सोमवारी पोर ताटापुढे बसली, हात जोडले, डोळे मिटले, आणि गप्प. वाल्मीक वाट बघत राहिला. तिनं भात कालवायला घेतला तेव्हा त्याला कळलं, संपलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच, गुरुवारीही. लोक हसले म्हणून पोरीनं प्रार्थना सोडली आणि तिचं हसं करणारे आपणच, हे त्याच्या मनानं घेतलं. आईनं हातात दिलेली गोष्ट आपल्या हातून निसटली. घास गोड लागेना.

शुक्रवारी कारखाने बंद. त्या दिवशी भिवंडीत कावळे असतात हेसुद्धा कळतं. वाल्मीकला वाटलं, आज भिंतीपलीकडे आवाज नाही, हळू बोलली तरी चालेल.

"म्हण गं, आज लूम बंद आहेत."

क्षितिजानं हात जोडले. तिचे ओठ हलले. वाल्मीकनं कान पुढे केला. काही नाही.

तेवढ्यात ठकुबाई कालवणाची वाटी घेऊन दारात. पदरानं डोळे टिपत होती. अगदी त्याच्या तोंडासमोर येऊन तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "पोर किती ग्वाड बोलली रं. माज्या गुडघ्यासाठी मागितलं तिनं. आनि तू असा बघतोस, जशी ती बोललीच न्हाय."

वाल्मीक भिंतीकडे बघत राहिला. लूम बंद होते. दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

क्षितिजा उठून त्याच्या कानाशी ओरडली, "मी रोज म्हणते, पप्पा. हळू म्हणते. देवाला येतं ऐकू."

"हो गं," वाल्मीक म्हणाला. "मला नाही येत."

हे त्यानं जन्मात पहिल्यांदा कबूल केलं. ते त्याच दिवशी गल्लीत घरोघरी पोचवायचं काम ठकुबाईनं निष्ठेनं केलं.

पोरीला मात्र वेगळीच काळजी. ती पुन्हा त्याच्या कानाशी ओरडली, "मग तुम्ही आमेन कधी म्हणणार?"

आता, जॉबरला लूमचं दुखणं कानानं नाही, तळहातानं कळतं. लोखंडावर हात ठेवला की थरथर सगळं सांगते. वाल्मीकनं तो काळवंडलेला तळहात लेकीच्या पाठीवर टेकला आणि पुन्हा म्हणायला सांगितलं. हाताखाली बारीक थरथर सुरू झाली. मध्येच थांबली. तो घाई न करता थांबला, पोरीनं श्वास घेतला होता. थरथर पुन्हा सुरू झाली, हळूहळू उतरली आणि निवली.

"आमेन," दोघं एकदम म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तो आपणहून रीमाबरोबर डॉक्टरांकडे गेला. आता कानात मशीन आहे. ठकुबाई सांगते, ते तो प्रार्थनेपुरतंच लावतो, तिचं बोलणं सुरू झालं की काढून ठेवतो. मशीन असलं तरी जेवणाआधी त्याचा हात पोरीच्या पाठीवर असतोच. तेही ठकुबाईनंच दारातून बघून सांगितलंय.