होड्या पाण्यात उतरेपर्यंत
नारळीभाताचा वास आला की मला चंदीगडमधला तो कागद आठवतो. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारा पंजाबी सहकारी बायकोला समुद्र दाखवायला आमच्या बंदराच्या गावी निघाला होता. त्या दिवसांत पंजाबात अतिरेक्यांची दहशत होती; अंधार पडायच्या आत शहर दारं लावून घ्यायचं. त्याला चार दिवस मोकळा श्वास हवा होता. "यार, मछली कहाँ खाएँ, लिख दे," म्हणाला. मी ऐटीत लिहिलं: धक्क्यावरच्या खानावळीत सुरमईचं कालवण, देवळामागच्या काकूंकडे तिसऱ्यांचं सुकं. मग तिकिटावरची तारीख पाहून हसलो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बर्फातलं शिळं खाशील, नारळी पौर्णिमेनंतर जा, असं त्याला बजावलं. "चल, पक्का," म्हणत त्याने तिकिटं रद्द केली. पौर्णिमेला आठवडा राहिला असताना, पंजाबातल्या त्याच्या गावाहून परतताना त्याची बस बंदूकवाल्यांनी अडवली. तेराव्याला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोने घडी घातलेला तो कागद माझ्यापुढे धरला आणि हळूच विचारलं, "भाईसाहब, अब तो ताज़ी मिलती होगी?" आमच्या गावात कुठे जेवावं असं कुणी विचारलं, तर हल्ली मी एवढंच सांगतो: मिळेल ते खा, पण आधी निघा.