सुमीच्या वाटणीचं जग

नलूच्या मुलीचा, अश्विनीचा फोन आला तेव्हा मी मटकी निवडत होते. "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठे?" ...साठ वर्षांत ही बाई लालबागच्या त्या खोलीतून दुसरीकडे राहायला गेली नव्हती, म्हणून खरंच तसं तोंडातून निघालं. पलीकडून हुंदका आला आणि मग मला कळलं.

नलू माझी शाळेतली बाकसोबतीण. एकाच चाळीतल्या, दोघींचे वडील एकाच गिरणीत. आवाज असा, की तिने तळमजल्यावरून "सुमेऽ" केलं की परळच्या पुलावर टॅक्स्या थांबायच्या. नववीत आम्हा दोघींत मिळून एक जुना ॲटलस घेतला होता. एक आठवडा तिच्याकडे, एक माझ्याकडे. तिला नकाशे पाठ होते. मला त्यांच्यावरून थापा मारता यायच्या. एकदा भूगोलाच्या बाईंनी ब्राझीलबद्दल विचारलं. मी उभी राहून सांगितलं, की माझे मामा बोटीवर आहेत, तिथल्या नदीत त्यांना आमच्या चाळीएवढी मगर भेटली. बाई ऐकत राहिल्या. नलू उठली. "बाई, हिचे मामा डिलाईल रोडला पिठाच्या चक्कीवर असतत."

वर्ग हसून हसून बाकाखाली गेला. जिन्यात मी ॲटलस हिसकला, तिने सोडला नाही, आणि तो मधोमध उसवला. भारत-आशिया तिच्या हातात, बाकीचं जग माझ्या. आठ दिवस आम्ही बोललो नाही. माझ्या आठवणीत ती आठ वर्षं आहेत. मग तीच आली. "तुझी आफ्रिका दे गो, उद्या चाचणी आहे." दहावीपर्यंत आम्ही असे खंड उसने घेत अभ्यास केला. ॲटलस मात्र पुन्हा शिवला नाही.

लग्न होऊन मी वरळीला आले. नलू तिथेच राहिली, गॅलरीत चटई टाकून चाळीतल्या पोरांना भूगोल शिकवत. आणि मी माझ्या वाटणीच्या जगाचं काय केलं? फडताळात अंथरलं. युरोपवर हळदीचा डबा, दक्षिण अमेरिकेवर गोडेतेल. पुढे तेलकट झालं तसं फेकून दिलं. ही एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात कुणाला रंगवून सांगितली नाही...

दोन वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न, "माझ्यासाठी तुझा अर्धा भाग आणलास?"

"अगं, माळ्यावर आहे. शिडी मिळत नाही."

पुढच्या वेळी, "वाळवी लागलेली, औषध मारून उन्हात ठेवलाय." त्याच्या पुढच्या वेळी, "जावयाने बाइंडिंगला दिलाय, मखमली पुठ्ठा घालतायत."

नलू उशीवर डोकं ठेवून हसायची. "आणि मामा काय म्हणतत?"

दादरच्या दुकानात नवा ॲटलस मिळत होता. पण नवा नेला असता, तर जुना उरला नाही हे सांगावं लागलं असतं. 'नलू, मी तो फेकला गं.' एवढंच वाक्य. जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या मला ते दोन वर्षांत जमलं नाही. मला वाटत राहिलं, वेळ आहे.

तेराव्याला अश्विनीने तिचा अर्धा ॲटलस माझ्या हातात दिला. "आईने तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं." आत जुन्या कॅलेंडरचे कागद घडी करून ठेवलेले. कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने आफ्रिका, युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया. सगळं आठवणीतून काढलेलं, किनाऱ्याला निळी छटा, बाईंनी शिकवली तशी. माझ्या वाटणीचं जग ती अंथरुणावर पडल्या पडल्या पुन्हा काढत होती. शेवटच्या कागदावर फक्त चौकट आणि मथळा, दक्षिण अमेरिका. खाली बारीक अक्षरात, 'हे आठवत नाही. सुमीचा भाग आल्यावर.' आणि उजवीकडच्या कोऱ्या समुद्रात एक छोटीशी बोट. तिच्यावर लिहिलेलं, 'मामा'.

आता दादरहून ॲटलस आणलाय. रोज दुपारी तो उघडा ठेवून नलूचा तो कागद पुढ्यात घेते. रेघ भलतीकडे जाते, खोडते, पुन्हा काढते. काल कसाबसा ब्राझीलचा किनारा झाला. वाकडा आहे... नलूने पाच गुण कापले असते. पण बोटीला आता लागायला जागा आहे.