सिस्टिमॅटिक : अर्थ आणि वापर

शब्दाचा अर्थ कोशात असतो, पण त्याचा प्राण वापरात असतो. आमचे इंग्रजीचे सर हे वाक्य डोळे अर्धवट मिटून म्हणत. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवटच्या तरटावर बसले होते आणि सर माझी वही चपलेच्या टोकानं माझ्याकडे सरकवत होते. बाकीच्यांच्या वह्या हातोहात जायच्या. आम्हा बौद्धपुऱ्यातल्या मुलींच्या फरशीवरून यायच्या.

"आपल्या वर्गात सगळं कसं सिस्टिमॅटिक असतं," सर म्हणाले. आणि मग तोच शब्द फळ्यावर लिहिला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. केळझरकडचं आमचं गाव. बाप नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला, त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. गावाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारीही, कधीच गेली होती, पण ते गावाला कळवायचं राहून गेलं होतं. मालगुजारांना सगळे मालकच म्हणत. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष तेच, गॅदरिंगचे पाहुणेही दरवर्षी तेच.

त्या वर्षी नववीला इंग्रजीची स्पर्धा ठेवली. शब्दाचा अर्थ लिहायचा आणि तो वाक्यात वापरायचा. बक्षीस होतं इंग्रजी-मराठी शब्दकोश. शाळेत असा एकच कोश होता. तो हेडमास्तरांच्या कपाटात असायचा आणि तपासणीला साहेब आले की टेबलावर यायचा. साहेब गेले की परत आत. मला तो हवा होता. दुसरं काही एवढं हवं असल्याचं मला आठवत नाही. मॅट्रिक होऊन वर्ध्याला कॉलेजात जायचं, तर तो लागणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

सिस्टिमॅटिक हा शब्द मला आला. अर्थ लिहिला, पद्धतशीर. वाक्य लिहिलं की आमच्या बाया विहिरीपाशी पद्धतशीर उभ्या राहतात आणि कोणी पाणी वाढेल याची वाट बघतात. सरांनी ते लाल शाईनं खोडलं.

"चांगलं उदाहरण दे. हे काय उदाहरण झालं?"

मी लिहिलं, सूर्य पद्धतशीरपणे उगवतो. सूर्याला कोणाच्या विहिरीवर जावं लागत नव्हतं. माझा पहिला नंबर आला.

सव्वीस जानेवारीला गॅदरिंग. माय कापूस वेचून थेट तिकडेच आली, कंबरेची कापसाची ओटी न सोडता. मांडवात आली नाही. बाहेर लिंबाखाली उभी राहिली. वर्ध्याहून फोटोग्राफर आला होता.

बक्षीस द्यायची रीत ठरलेली होती. हेडमास्तर नाव पुकारत, बक्षीस मालकांच्या हातात देत, मालक पोराच्या हातात देत, फोटो निघे. आमच्यातलं नाव आलं की हेडमास्तर बक्षीस समोरच्या स्टुलावर ठेवत. पोर ते उचलून नमस्कार करी. मालक मान हलवत. कोणी कोणाला काही सांगावं लागत नसे.

माझं नाव आलं. कोश स्टुलावर आला. निळ्या पुठ्ठ्याचा, जाड. मी स्टुलापाशी गेले आणि हात पुढे केले. स्टुलाकडे नाही. मालकांकडे.

हे मी ठरवून आले नव्हते. हात गेले.

फोटोग्राफर परगावचा, त्याला रीत ठाऊक नव्हती. तो म्हणाला, "मालक, हातात द्या ना. फोटोत नुसता स्टूलच येऊन राह्यला."

मांडवात कोणी हसलं नाही. मालक म्हणाले, "मले आज उपास आहे. घे वं पोरी, ठेवलं ना थ्या स्टुलावर."

"हातात द्या," मी म्हटलं.

हेडमास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "कार्यक्रम सिस्टिमॅटिक चालला आहे. उचल आणि जा."

मागून मायचा आवाज आला. "उचल वं बाई. पुस्तकच हाय थे. उचल अन् चाल घरी."

मी वळून मायकडे पाहिलं. ती मालकांच्याच शेतात कामाला होती, दुसऱ्या दिवशीही तिला तिथंच जायचं होतं. मला तो कोश हवाच होता. एक हात पुढे केला असता तर मिळत होता. मी दोन्ही हात मागे घेतले आणि खाली उतरले.

दुसऱ्या नंबराचं नाव पुकारलं. दुकानदाराचा मुलगा. शिपायानं कोश उचलला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. मी त्याला बोटही लावलेलं नव्हतं. हेडमास्तरांकडून मालकांच्या हातात, मालकांच्या हातातून मुलाच्या हातात. फोटो चांगला आला. बरीच वर्षं शाळेच्या ऑफिसात लावलेला होता.

आभार इंग्रजीच्या सरांनी मानले. म्हणाले, आजचा कार्यक्रम अत्यंत सिस्टिमॅटिक रीतीनं पार पडला.

मायला कोणी कामावरून काढलं नाही. फक्त सकाळी बायांना बोलवायला येणारी मुकादमीण आमच्या दाराशी थांबेना. शेजारच्या दाराशी थांबायची, पलीकडच्या दाराशी थांबायची. माय ओटी बांधून उंबऱ्यात उभी असायची. एकदा तिनं विचारलं, "काऊन वं, मले नाई बोलावत?" मुकादमीण म्हणाली, "मले काय इचारतेस? लेकीले इचार." मायनं मला कधीच विचारलं नाही. ती विचारती तर बरं झालं असतं.

पुढे वर्ध्याला कॉलेजच्या लायब्ररीत तसलाच कोश पाहिला. शब्द काढला. अर्थ बरोबर होता. सरांनी शिकवलेला वापरही बरोबर होता, हेडमास्तरांचाही, आभारातलाही. कुणाचीच चूक काढता येईना. तेव्हा कळलं की यातून बाहेर पडायला इंग्रजी पुरणार नाही. मराठीही नाही.

आज मी इंग्रजी शिकवते. मुलांच्या वह्या हातात देते, यापलीकडे माझ्याच्यानं फारसं काही झालेलं नाही, होईल असंही वाटत नाही. पण एवढं पक्कं आहे. खाली ठेवलेलं मी उचलत नाही. पगार असो, हार असो, कौतुक असो. समोरच्याला हात पुढे करता येत नसेल तर ते त्याच्यापाशी राहू दे. यात मी हरले तर हरेन. वाकणार नाही.

शाळेनं मात्र त्या प्रकारातून बोध घेतला. पुढच्या गॅदरिंगला सगळ्यांचीच बक्षिसं स्टुलावर ठेवली आणि हेडमास्तरांनी भाषणात याला समता म्हटलं. त्या वर्षी बौद्धपुऱ्यातल्या कोणाचाही नंबर आला नव्हता.