मागचं दार नसलेला काउंटर

गेन्याबाईंच्या 'नाही'ला वाइंत्सुत गावात एके काळी वजन होतं. सरकारी मांसाच्या दुकानात त्या काउंटरमागे उभ्या असायच्या. अंगात पांढरा एप्रन, डोक्याला पांढरी टोपी आणि समोर रस्त्यापर्यंत गेलेली रांग. हातात रेशनकार्डं घेऊन बायका पहाटेपासून तिष्ठत. दुकान उघडून तास होत नाही तोच आकड्यांना नुसती हाडं लटकलेली असत आणि गेन्याबाई म्हणत, "नाही. संपलं."

काउंटरखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वासराचं मांस असे. ते दातांच्या डॉक्टरांचं. हॅमचा तुकडा असे. तो बालवाडीच्या मुख्याध्यापिकेचा, म्हणून मुलीला, इवोनाला, बालवाडीत जागा मिळाली. विजेच्या वस्तू विकणाऱ्या बाईकडे सॉसेज पोचत राहिलं आणि घरात वॉशिंग मशीन आलं. ही मंडळी मागच्या दारानं येत, मागच्या दारानं जात. गेन्याबाईंना याची लाज वाटली नाही आणि कौतुकही वाटलं नाही. ज्याच्या हाताशी जे असेल ते तो आपल्या माणसांना देई. सगळं गाव तसंच जगत होतं.

पुढे ते कम्युनिस्टांचं राज्य गेलं, दुकान गेलं. नवरा मिएतेक एका हिवाळ्यात बर्फ उपसताना कोसळला तो उठला नाही. इवोना डब्लिनला कामाला गेली आणि तिकडचीच झाली. मागे उरल्या गेन्याबाई, त्यांचं पेन्शन आणि खिडकीतलं सदाहरित मिर्ताचं झुडूप. ते आईकडून आलेलं. घरातल्या मुलींनी पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेताना, आणि लग्नाला डोक्यावर घातलेल्या माळा त्याच्याच डहाळ्यांच्या. त्या मे महिन्यात डब्लिनच्या नातीचं, हान्याचं, कम्युनियन होतं. रविवारी चर्चमध्ये समारंभ. गेन्याबाईंनी शुक्रवारी सकाळी डहाळ्या तोडून माळ गुंफली, ओल्या फडक्यात गुंडाळून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि जवळच्या झेशूव शहराच्या विमानतळावर आल्या. माळ फार तर दोन दिवस तग धरणार होती.

फलकावर डब्लिनच्या पुढे लाल अक्षरांत 'रद्द' आलं. सगळ्यांचे फोन एकदमच वाजले. निरोप एकच होता: कर्मचारी उपलब्ध नसल्यामुळे विमान जाणार नाही, क्षमस्व. खाली मोठं पिवळं बटण, 'पैसे परत घ्या'.

लोकांनी पटापट बटणं दाबली. मिळतंय तर आधी घ्यावं, कशाबद्दल मिळतंय ते मागाहून विचारावं, ही सवय गावात मुरलेली. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यातही आईबापांकडून आलेली. गेन्याबाईंचा अंगठाही पिवळ्या बटणावर गेला होता. तेवढ्यात इवोनाचा फोन आला.

"आई, काही दाबलं नाहीस ना?"

"दाबतच होते. पैसे परत देताहेत."

"दाबू नकोस! पैसे घेतलेस की त्यांची जबाबदारी संपली. मग तू जाणे नि तुझं नशीब. काउंटरवर जा आणि म्हण, मला पोचवा. त्यांना पोचवावंच लागतं, दुसऱ्या कंपनीच्या विमानानं का होईना. तसा कायदाच आहे."

"कायदा," गेन्याबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी आयुष्यात पुष्कळ वेळा ऐकला होता आणि त्यानं कुणाच्या पिशवीत काही पडलेलं पाहिलं नव्हतं.

तरी त्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढे लुत्सियान होता. आता निवृत्त, पूर्वी गावच्या बसवर ड्रायव्हर. मुलाकडे निघाला होता. त्यानं वळून पाहिलं आणि मिशीत हसला.

"अरे वा, गेन्याबाई! तुम्ही आणि रांगेत? काउंटरच्या ह्या बाजूला कसं काय वाटतंय?"

"पाय दुखतात."

"आमचेही दुखायचे."

"तोंड नाही दुखलं कधी तुमचं," गेन्याबाई म्हणाल्या. मागच्या दोघी खिदळल्या. "आणि ते पिवळं बटण दाबू नका. माझी मुलगी सांगते, दाबलंत तर घरी बसाल."

लुत्सियाननं फोन खिशात टाकला. त्यांच्या मागे दोन मुलं घेऊन उभी असलेली बाई मात्र रडवेली झाली. तिनं केव्हाच दाबलं होतं.

काउंटरवरची मुलगी पंचविशीची होती, गळ्यात कंपनीचा निळा रुमाल. लुत्सियानला तिनं सांगितलं, "पुढचं विमान सोमवारी." तो "बरं" म्हणून बाजूला झाला. मग गेन्याबाई पुढे आल्या.

"मला रविवारच्या आत पोचायचंय. नातीचं कम्युनियन आहे."

"सोमवारी आहे, बाई."

"दुसऱ्या कंपनीचं? दुसऱ्या गावाहून?"

"नाही. काहीच नाही."

गेन्याबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मुलीनं कळफलकाला हात लावला नव्हता. डोळे आधीपासून उघड्या असलेल्या पडद्यावर होते आणि 'नाही' तिथेच बघून म्हटलं होतं. हे 'नाही' गेन्याबाई ओळखत होत्या. दुकानात खरोखरच काही नसे तेव्हा त्या गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत बघून सांगत, वर रिकामे हात दाखवत. काउंटरखाली काही असलं की मात्र नजर आपोआप वजनकाट्यावर जाई.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "तू पडद्याकडे बघून नाही म्हणालीस. माझ्याकडे बघून म्हण. मग मी जाते."

मुलीनं मान वर केली. तिचे कान लाल झाले.

"हळू बोला ना," ती पुटपुटली. "उद्या दुपारी क्राकूवहून आहे. दुसऱ्या कंपनीचं. जो अडून बसेल त्यालाच द्या म्हणून सांगितलंय. तिथपर्यंत बसही मिळेल. पण कुणाला बोलू नका."

"दे."

छापलेला कागद हातात आला. गेन्याबाईंनी त्यावरचं नाव वाचलं, तारीख वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. आपली जागा आधी पक्की केली, हे त्यांनी पुढे कुणापासून लपवलं नाही.

मग त्या वळल्या. इथे मागचं दार नव्हतं. जायचं तर सगळ्या रांगेसमोरूनच जायचं होतं, आणि सगळी रांग त्यांच्या पर्सकडे बघत होती. बाजूला लुत्सियान उभा होता.

"काय दिलं हो?" त्यानं विचारलं. चाळीस वर्षांपूर्वी दुकानाबाहेर विचारायचा, त्याच आवाजात.

गेन्याबाईंनी डबा काखेत घट्ट धरला. "क्राकूवहून विमान आहे उद्या!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "दुसऱ्या कंपनीचं, आणि तिथवर बस! ज्यांनी पैसे घेतले नाहीत त्यांनी मागा. द्यावंच लागतं. नाही म्हणाली तर हलू नका!"

रांग पुढे उसळली. "बाई!" काउंटरवरची मुलगी ओरडली. "तुम्ही कबूल केलं होतं!"

"मी फक्त 'दे' म्हटलं," गेन्याबाई म्हणाल्या. "आणि साहेब विचारतील तर सांग, म्हातारी बोलली. माझी नोकरी केव्हाच संपलीय."

पिवळं बटण दाबलेल्या बाईला काही मिळालं नाही. तिनं मुलांना घेऊन घरची बस धरली. गेन्याबाईंनी तिच्या मुलांना पिशवीतली उकडलेली अंडी दिली. त्याहून जास्त काही करण्यासारखं नव्हतं.

रविवारी हान्यानं माळ घातली. एका बाजूची पानं माना टाकून बसली होती. इवोनानं ती बाजू मागे वळवली. फोटोत काही कळत नाही.

नुकसानभरपाईचा अर्ज इवोनानंच केला. कंपनीनं आधी कळवलं, परिस्थिती असाधारण होती. इवोनानं उलट लिहिलं, तुमचेच कर्मचारी तुम्हाला मिळेनात यात असाधारण काय? जावई म्हणाला, तिकीट मी काढलं होतं, तेव्हा पैसे आले तर माझे. त्यावर घरात दोन दिवस अबोला झाला. पण भरपाई प्रवाशाची असते, तिकीट काढणाऱ्याची नव्हे, आणि सप्टेंबरात चारशे युरो गेन्याबाईंच्या खात्यात आले.

त्याच आठवड्यात पावाच्या दुकानात लुत्सियान भेटला.

"आले?"

"आले. तुमचे?"

"आले." तो घुटमळला. "गेन्याबाई, एक विचारू? ब्याऐंशीच्या नाताळात मी तुमच्याकडे हॅम मागितलं होतं. बायको बाळंतीण होती. तुम्ही नाही म्हणालात."

"म्हणाले असेन."

"त्या काउंटरवरच्या पोरीला म्हणालात ना, माझ्याकडे बघून म्हण. मग त्या नाताळात तुम्ही कुठे बघत होतात?"

गेन्याबाईंनी टोपलीतल्या पावांवरून नजर उचलली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"काट्याकडे," त्या म्हणाल्या.

"वाटलंच होतं मला," लुत्सियान म्हणाला आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकला.